‘नको’ म्हणण्याचा अधिकार

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील मुले-मुली आज इतरांच्या मुलांबरोबर एकाच बाकावर बसतात, एकाच एस.टी.ने तालुक्याच्या गावी जातात, एकाच वसतिगृहात राहतात. हे दिवस यावेत म्हणून आमच्या वाडवडिलांनी काय सोसले, हे या पत्राच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. तथापि माणसे जवळ आली म्हणजे जवळिकीतून उत्पन्न होणारे प्रश्नही येतात, आणि त्यांपैकी एका प्रश्नाविषयी आमच्या घरांतून अजूनही हलक्या आवाजातच बोलले जाते. वर्गातील एखादा सोबती नको असताना अंगाला हात लावतो, वेणी ओढतो, गळ्यात हात टाकतो, एस.टी.च्या गर्दीत अंगचटीला येतो. एकदा ‘नको’ म्हटले तरी पुन्हा तेच करतो. अशा वेळी त्या मुलीने, अथवा त्या मुलाने, काय करावे? आणि घरी कळल्यावर आईबापांनी काय करावे?

आजवर आमच्या घरांनी या प्रश्नाला तीन उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर, ‘तू गप्प बस, बोभाटा करू नकोस.’ दुसरे उत्तर, ‘उद्यापासून शाळा बंद,’ आणि मग वर्ष-दोन वर्षांत लग्न. तिसरे उत्तर बाप आणि भाऊ काठी हातात घेऊन देतात. ही तीनही उत्तरे वरवर वेगवेगळी दिसतात. पण बारकाईने पाहिले तर तिन्हींत एकच गोष्ट समान आहे. जिच्या अंगाला हात लागला, तिला काय वाटले आणि तिला काय हवे आहे, हे तिला कोणीच विचारीत नाही. तिच्या देहाविषयीचा निर्णय एकदा त्या सोबत्याने परस्पर घेतला. दुसऱ्यांदा तो घरच्यांनी परस्पर घेतला. आमचे म्हणणे असे की, ज्याचा देह त्याचा शब्द, हा नियम आम्ही आमच्या मुलांना शिकविला पाहिजे, आणि तो मोडला गेल्यास दाद कशी मागावी याची रीतही शिकविली पाहिजे. ही रीत स्वतःचा मान राखणारी, दुसऱ्याची माणुसकी न नाकारणारी आणि कायद्याच्या वाटेने जाणारी असावी.

विटाळ आणि नकार

येथे एक आक्षेप येण्याचा संभव आहे, आणि तो आमच्याच वस्तीतून येण्याचा संभव अधिक. कोणी वडीलधारे म्हणतील, ‘शेकडो वर्षे लोकांनी आम्हाला शिवून घेतले नाही. आम्हाला शिवावे म्हणून बाबासाहेब झगडले. आता आमचीच लेकरे शिवू नको म्हणू लागली, तर ही नवी शिवाशिवच नव्हे काय?’

आक्षेप सात्त्विक संतापातून आलेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्या शाळेतील दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. वर्गात त्यांनी वेगळे बसावयाचे. बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावयाचे आणि संध्याकाळी ते घरी परत न्यावयाचे, कारण शाळेचा झाडूवाला त्या गोणपाटाला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला हात लावावयाचा नाही. शिपाई येऊन नळ सोडील तेव्हा पाणी, आणि शिपाई नसेल तर तहान तशीच राहावयाची. या अन्यायाचे मर्म काय होते? त्या बालकाच्या हाताला, त्याच्या बसण्याला, त्याच्या तहानेला काय मोल द्यावयाचे, हे त्याच्या जन्मावरून दुसऱ्यांनी ठरविले होते. त्या मुलाला त्यात शब्द नव्हता.

आता नकोशा स्पर्शाकडे पाहा. तेथेही एका मुलीच्या देहाला काय मोल द्यावयाचे हे दुसराच ठरवितो आणि तिला त्यात शब्द नसतो. एक हात विटाळ म्हणून मागे घेतला जातो, दुसरा हात हक्क समजून पुढे केला जातो. समोरचा माणूस हा स्वतःच्या देहाचा धनी आहे, हे दोन्ही हातांना मान्य नाही. म्हणून एकाविरुद्ध लढलेल्या समाजाने दुसऱ्याकडे डोळेझाक करणे हे आपल्याच लढ्याचा अर्थ न समजण्यासारखे आहे.

मग शिवाशिव आणि हा नकार यांतील फरक कसा ओळखावा? कसोटी सोपी आहे. नकार समोरच्याच्या जातीमुळे असेल, तर ती अस्पृश्यता होय. संविधानाच्या सतराव्या कलमाने ती नष्ट केली आहे. ‘तुझ्या शेजारी बसणार नाही, तुझ्या हातचे पाणी घेणार नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या देहाच्या स्वातंत्र्याचा आधार घेता येणार नाही. परंतु ‘माझ्या गळ्यात हात टाकू नकोस’ असे जी मुलगी म्हणते, ती कोणाचीही जात विचारीत नाही. हात ब्राह्मणाचा असो, मराठ्याचा असो वा आपल्याच वस्तीतील चुलतभावाचा असो, तिचे उत्तर एकच आहे. विटाळात जात बोलते. या नकारात व्यक्ती बोलते. जिला कधी ‘नको’ म्हणता येत नाही, तिच्या ‘हो’लाही मग काही अर्थ राहत नाही.

मौन म्हणजे संमती नव्हे

‘तिला नको होते, तर ती ओरडली का नाही?’ हा प्रश्न शाळेत विचारला जातो, चावडीवर विचारला जातो, आणि दुर्दैवाने एके काळी तो आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही विचारला गेला. 1972 साली देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते सर्वत्र ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, हे त्या निकालाला पुरेसे वाटले. 1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून विचारले की, भयाने निमूट राहणे आणि संमती देणे यांत न्यायालयाला फरक दिसत नाही काय? त्या पत्रातून स्त्रियांची चळवळ उभी राहिली आणि 1983 साली कायदा बदलला. पुढे 2013 साली कायद्याने स्पष्टच सांगितले की, केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही.

पोलीस ठाण्यातील तो घोर गुन्हा आणि वर्गातील चावट हात यांना आम्ही एका मापाने मोजीत नाही. परंतु जो न्याय त्या मोठ्या गोष्टीला, तोच या लहान गोष्टीलाही लागू आहे. वर्गात चारचौघांसमोर गळ्यात हात पडला की अनेक मुली गोठून जातात. काही जणी कानकोंड्या होऊन हसतात. ते हसू आनंदाचे नसते. पाटलाच्या, सरपंचाच्या किंवा कारखान्याच्या संचालकाच्या मुलाने खोडी काढली, आणि आपला बाप त्याच्याच शेतावर रोजाने जात असला, म्हणजे त्या मुलीच्या तोंडून शब्द का फुटत नाही, हे आम्हाला कोणी शिकवावयास नको. आणि मुलगेही यातून सुटलेले नाहीत. वसतिगृहात मोठी मुले धाकट्यांची जी थट्टा करतात, ती पुष्कळदा थट्टा नसते. त्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून हिणविले जाते आणि तो जन्मभर मुका राहतो.

जिल्ह्याने शिकविलेले दोन धडे

अहमदनगर जिल्हा, ज्याला 2024 पासून अहिल्यानगर म्हणतात, हा मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासात मागे नाही. सिंथिया फरार यांच्या येथील मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. ज्या ‘ज्ञानोदया’त 1855 साली मुक्ता साळवे या मांग समाजातील शाळकरी मुलीने आपल्या लोकांची दुःखे स्वतःच्या लेखणीने मांडली, तो ‘ज्ञानोदय’ 1842 साली याच शहरात सुरू झाला होता. एका शाळकरी मुलीचा शब्द छापावयास योग्य आहे, असे मानणारी परंपरा येथली आहे.

याच जिल्ह्याने आम्हाला दोन कडू धडेही दिले आहेत. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा अंत झाला. सवर्ण समजल्या जाणाऱ्या कुटुंबातील मुलीशी तो बोलतो, या संशयावरून त्याला शाळेच्या आवारापासून मारहाण करीत नेले आणि मारून झाडाला टांगले, अशी फिर्याद होती. खटला उभा राहिला, साक्षीदार उलटले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाच्या आईबापांच्या वाट्याला न्याय आला नाही.

दुसरा धडा कर्जत तालुक्यातील कोपर्डीचा. 13 जुलै 2016 रोजी तेथे मराठा समाजातील एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. अपराधी दलित समाजातील होते. त्याच नोव्हेंबर 2017 मध्ये, त्याच अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. ज्या तोंडाने आम्ही खर्ड्याचे नाव घेतो, त्याच तोंडाने कोपर्डीचे नाव घेताना ज्याची जीभ अडखळते, त्याने बुद्धाचा धम्म स्वीकारलेला नाही. त्याने फक्त जुन्या जातीला नवे नाव दिले आहे. त्या मुलीच्या देहावर तिचाच अधिकार होता, आणि तो आमच्या लेकींच्या अधिकाराहून तसूभरही कमी नव्हता.

या दोन घटना वर्गातील खोडीच्या फार पलीकडच्या आहेत, हे आम्ही जाणतो. त्या येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. जेथे मुलीचा शब्द हा निर्णयाचा पाया नसतो आणि घराण्याची अब्रू हा पाया असतो, तेथे दोन अनर्थ एकाच वेळी घडतात. मुलीला खरोखर त्रास झाला तरी अब्रूसाठी तो दडपला जातो. आणि मुलीची काही तक्रार नसली तरी अब्रूसाठी कोणाच्या तरी पोराचा जीव घेतला जातो. म्हणून ‘मुलीला विचारा, तिचे ऐका, आणि मग शिस्तीने चौकशी करा’ हा नियम आमच्या मुलींचे जितके रक्षण करतो, तितकेच आमच्या मुलग्यांचेही करतो. जमाव जेथे न्याय करावयास बसतो, तेथे दुबळ्याचा बळी प्रथम जातो, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

नकार कसा द्यावा

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. सगळेच स्पर्श सारखे नसतात. खेळताना लागलेला धक्का, जिंकल्याच्या भरात पाठीवर पडलेली थाप, बालवर्गातील पोरांची ओढाताण यांत पुष्कळदा हेतू वाईट नसतो. तेथे एक वाक्य पुरे होते. ‘मला असे केलेले आवडत नाही, पुन्हा करू नकोस.’ बोलताना नजर वर असावी, आवाज स्थिर असावा, आणि तोंडावर कसनुसे हसू नसावे. क्षमा मागण्याचे कारण नाही. ‘माझे चुकत असेल, पण’ अशी सुरुवात करण्याचे तर मुळीच नाही. आणि शिवीही देऊ नये, जातीचा उल्लेखही करू नये. आमच्या वाट्याला आलेल्या शिव्यांत आमच्या जातीचे नाव असे. तेच शस्त्र आम्ही उचलले, तर ज्या दलदलीतून बाहेर पडलो तिच्यातच परत पाय जाईल.

आदराने नकार द्यावा असे आम्ही म्हणतो, तेव्हा आदर या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. आदर म्हणजे मान खाली घालणे नव्हे, जोहार घालणे नव्हे, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपला त्रास गिळणे नव्हे. समोरचा हा समजूतदार माणूस आहे, त्याला साधे वाक्य कळते, आणि कळल्यावर तो सुधारू शकतो, असे मानून त्याच्याशी सरळ बोलणे हा आदर होय. निष्कारण हात लावलेला सोबती खरोखर चांगला असेल तर तो ओशाळेल, ‘चुकलो’ म्हणेल, आणि मैत्री टिकेल. जो त्या एका वाक्याने चिडतो, त्याचा स्नेह निर्मळ नव्हता, हे त्याच क्षणी कळून येते.

एकदा स्पष्ट सांगूनही तोच प्रकार पुन्हा घडला, तर ती खोडी राहत नाही. मग दुसऱ्यांदा मैत्रिणीच्या अथवा सोबत्याच्या देखत सांगावे, आणि त्याच दिवशी वर्गशिक्षकांना अथवा शिक्षिकेला कळवावे. कळविणे म्हणजे चुगली नव्हे. शाळेतील शिस्तीची जबाबदारी शिक्षकांची आहे, आणि त्यांना माहिती देणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ, जागा, काय घडले, जवळ कोण होते आणि आपण काय म्हणालो, एवढे लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी चौकशी झाली तर आठवण डळमळते, वहीतले अक्षर डळमळत नाही. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्या समाजाच्या मुलांनी अक्षराचे हे बळ ओळखावे.

आणि जेथे हात झाकलेल्या अवयवांना लागतो, जेथे कोंडून, धरून किंवा धमकावून अंगलट केली जाते, जेथे मोबाइलवर चित्र काढले जाते, तेथे समजुतीच्या वाक्याची वाट पाहू नये. तेथून निघून जावे, मोठ्याने ओरडावे, आणि पहिल्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगावे. तेथे सभ्यतेचे ओझे मुलीवर टाकणे हा अन्याय आहे.

कायदा काय म्हणतो

अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकाला, मुलगी असो वा मुलगा, 2012 चा पॉक्सो कायदा संरक्षण देतो. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श हा त्यात गुन्हा आहे. मध्यंतरी जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका खटल्यात असा अर्थ लावला होता की, कपड्यावरून केलेला स्पर्श, कातडीला कातडी न लागल्यामुळे, त्या कलमाखाली येत नाही. 18 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा, कापड नव्हे, असे ठरविले. तेव्हा ‘कपड्यावरूनच तर हात लावला’ ही सबब आता चालावयाची नाही.

याच कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती ज्याला असेल, त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनाही ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण दडपता येत नाही. दडपणे हाच गुन्हा आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि आईबापांच्या अथवा विश्वासू माणसाच्या समक्ष घ्यावयाचा असतो. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. त्याचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. पोरीला कचेरीत उभी करून चारचौघांत विचारतील, या भयाने जी कुटुंबे गप्प बसतात, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

हात लावणारा सोबतीही अठराच्या आतला असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. शिक्षेपेक्षा सुधारणेकडे त्या कायद्याचा कल आहे, आणि आम्हाला तो कल योग्य वाटतो. चौदा वर्षांच्या पोराला जन्माचा गुन्हेगार ठरवून कोणाचेच कल्याण होत नाही. त्याला थांबविणे, समजावणे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणे यांतच मुलीचेही हित आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या कुटुंबांनी विशेषेकरून जाणून घेतली पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन 26 जानेवारी 2016 पासून एक स्पष्ट कलम आले आहे. अनुसूचित जाती-जमातींतील स्त्रीला, ती त्या समाजाची आहे हे जाणून, त्या समाजाबाहेरील पुरुषाने तिच्या संमतीवाचून हेतुपुरस्सर लैंगिक स्वरूपाचा स्पर्श करणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. संमती म्हणजे स्वखुशीने, निःसंदिग्धपणे दिलेली मान्यता, आणि प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे, हेही तेथेच लिहिले आहे. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता तुम्हाला हा कायदा लागू नाही,’ असे सांगून परत पाठविणारे महाभाग भेटतील. त्यांना सांगावे की, 1990 सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचे सर्व संरक्षण मिळाले आहे. मात्र जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. आणि हा कायदा खऱ्या अन्यायासाठीच वापरावा. भांडणातील हत्यार म्हणून तो कोणी वापरला, तर पुढच्या खऱ्या तक्रारीचा गळा तोच घोटतो.

10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने राज्यातील शाळांसाठी ‘सखी सावित्री समिती’ स्थापन करावयास सांगितले आहे. आपल्या गावच्या शाळेत ती समिती आहे काय, तिची सभा होते काय, तक्रारपेटी कोण उघडते, हे पालकांनी शाळेत जाऊन विचारावे. महाविद्यालयांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. बालकांसाठी 1098 हा क्रमांक फुकट लागतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा.

आमच्या मुलग्यांना

मुलींना नकार शिकविला आणि मुलग्यांना काहीच शिकविले नाही, तर निम्मे काम झाले. बालवयातील राहुलाला भगवंतांनी केलेला उपदेश येथे स्मरावा. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी त्याला विचारले. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच काया, वाचा आणि मन यांनी करावयाची प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर न्याहाळून पाहावी. तिने आपल्याला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होत असेल तर ती करू नये, हे त्या उपदेशाचे सार आहे. यात पाप लागेल, नरक मिळेल, असे भय नाही. दुसऱ्याला दुःख होते काय, एवढाच प्रश्न आहे. पंचशीलातील तिसरे शील आम्ही बुद्धवंदनेच्या वेळी म्हणतो; ते शील लग्न झालेल्या मोठ्या माणसांसाठीच आहे असे समजू नये. दहावीच्या वर्गातील मुलाला त्याचा अर्थ असा सांगावा की, समोरची व्यक्ती राजी आहे काय हे विचारल्याखेरीज हात पुढे करू नये, आणि ‘नको’ ऐकल्यावर तो मागे घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

आमच्या मुलावर तक्रार आली तर आईबापांनी दोन गोष्टी टाळाव्यात. ‘आमचा पोरगा तसला नाहीच’ असे न ऐकताच म्हणू नये. आणि चारचौघांत त्याला बडवूही नये. त्याला समोर बसवून विचारावे, चौकशीला स्वतः घेऊन जावे, चूक असेल तर त्याच्याकडूनच माफी मागवावी. खोटे असेल तर तेही चौकशीतच सिद्ध होईल. भावकी गोळा करून शाळेच्या दारात उभे राहण्याने यातले काहीच साधत नाही.

घरचे काम

शेवटी आईबापांसाठी. मुलगी घरी येऊन काही सांगू लागली, तर पहिला प्रश्न ‘तू काय केलेस?’ हा नसावा. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस,’ हे पहिले वाक्य असावे. दुसरे वाक्य, ‘आता काय करावे असे तुला वाटते?’ तिची शाळा बंद करू नये. शाळा बंद करणे म्हणजे हात लावणाऱ्याला मोकळे सोडून जिला हात लागला तिला शिक्षा देणे. वर्ग बदलावयाचा झाला तर त्याचा बदलावा. एस.टी.ची भीती असेल तर चार मुलींनी मिळून जावे, आणि आगारप्रमुखांना व शाळेला लेखी कळवावे. आणि लग्नाची घाई तर मुळीच करू नये. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हेच सांगितले होते की, मुलांची लग्ने घाईने उरकू नका. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असेही त्यांनी तेथेच सांगितले. ती मोजणी वर्षाकाठी जयंतीच्या मिरवणुकीत व्हावयाची नसून, संध्याकाळी दप्तर टाकून मुलगी घरात काय बोलू शकते यावर व्हावयाची आहे.

घरातही हा नियम पाळला जावा. पाहुणे आले की लेकराला ओढून त्यांच्या मांडीवर बसविणे, मूल अंग चोरीत असताना ‘काकाला पापा दे’ म्हणणे, या गोष्टी प्रेमाच्याच असतील. परंतु त्यातून मूल हेच शिकते की, मोठ्यांनी म्हटले की आपला नकार संपतो. जे मूल घरात ‘नको’ म्हणू शकते, त्याला शाळेतही ‘नको’ म्हणता येते. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर पालकांनी अर्धा तास याच विषयाला द्यावा, मुलांना बोलू द्यावे, आणि आपण मोठ्यांनी त्या वेळी ऐकण्याचे काम करावे.

जयभीम.